देवळात न वाचलेली ओळ

कोलशेत, ९ फेब्रुवारी १८९७

प्रिय सालू,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. वखारीत असशील तर कोळशाच्या ढिगावर का होईना, आधी बस.

सुझाना गेली. परवा, रविवारी, दुपार टळायच्या आत. गाठीचा ताप. शुक्रवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणून निजली, संध्याकाळी जांघेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. तू एडनला निघालास तेव्हा धक्क्यावर मी तुला म्हणालो होतो, बायकोची काळजी करू नकोस, तिचा थोरला दीर अजून जिवंत आहे. दीर जिवंतच आहे.

तिचा शेवट चांगला झाला, एवढं मनात धर. घंटा तिने ऐकली. शेवटची प्रार्थना तिच्या कानात म्हटली गेली. तोंडात पाणी घातलं गेलं, डोळे मिटवले गेले. ह्या दिवसांत कितीजणांच्या नशिबी एवढं येतं?

इथली व्यवस्था तुला ठाऊक असायला हवी. साथीसाठी ठाण्याला आनंदराव नावाचा डॉक्टर नेमला आहे. त्याने आपल्या देवळासाठी सूचना लिहून दिल्या. पाद्रीबाब पडले गोव्याचे, त्यांना आपली बाळबोध अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून २४ जानेवारीच्या मिस्सेत शाळेचा आणि देवळाचा मास्तर ह्या नात्याने मीच त्या वाचून दाखवल्या. मिस्सा आता उघड्या अंगणात होते. येशूच्या खुर्साला कोणी ओठ लावत नाही. आजाऱ्याच्या घरी कोणी जायचं नाही. प्रेताला चारच खांदेकरी आणि खड्ड्यात चुना. काही म्हातारी माणसं कुरकुरली, पण शिकलेल्या माणसाचं ऐकायला आपण कधीतरी शिकलंच पाहिजे. डॉक्टरला रोग कळतो, आपल्याला कळत नाही.

तिला आपल्या बाबांच्या शेजारी ठेवली आहे. रजा मिळाली तरी आत्ता येऊ नकोस, कल्याणच्या स्टेशनात आणि बंदरावर माणसं अडवून ठेवतात.

तुझा थोरला,
जुझे


कोलशेत, १४ मार्च १८९७

प्रिय सालू,

तुझं पत्र आलं. बायको गेलेल्या माणसाने जरा रडावं, देवाचं नाव घ्यावं. तू वकिलासारखे प्रश्न काय विचारत बसलास?

तू लिहितोस, घंटा वाजली म्हणजे पाद्री आला, पण आजाऱ्याच्या घरी जायला बंदी होती तर पाद्रीबाब कसे गेले? अरे, पाद्रीबाब गेले असं मी लिहिलं आहे का? माझं पत्र काढून पुन्हा वाच. मी तुला बाराखडी शिकवली आहे, लिहिलेलं तेवढंच वाचायलाही शिकवलं आहे. घंटा तिने ऐकली असं मी लिहिलं, ते खरं आहे. प्रार्थना झाली, तेही खरं आहे. कोणी वाजवली आणि कोणी म्हटली ह्याने मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

पाद्रीबाबांसाठी तू आत घातलेली चिठ्ठी पोचली. ते फार थकले आहेत, उत्तराची वाट पाहू नकोस.

इथे साथ हटत नाही. देवळात मी सूचना वाचल्यापासून आपल्या पाड्यातली नऊ माणसं गेली. नॉर्मन गेला, तुझ्याबरोबर जाळं टाकायचा तो. त्याची आई दिवसभर देवळाच्या पायरीवर बसून असते आणि येताजाता माझ्याकडे बघते. माझी शाळा बंद आहे. दिवस खायला उठतो.

आणखी एक. तुझ्या कुडापलीकडची ती ठमाबाई, मिठागरावर कामाला जाणारी आगरीण, तिला काही विचारपूस, आभार असलं लिहून पाठवू नकोस. ती बाई फार चढून गेली आहे. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून जाते तेव्हा मुद्दाम थांबते आणि बघते. मी काय तिचं घोडं मारलं आहे?

तब्येतीला जप. तिथलं पाणी उकळून पी.

जुझे


कोलशेत, २९ मार्च १८९७

सालू,

प्रिय लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं असं एकही वाक्य लिहिलेलं नाही. ते करायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. पहिल्या पत्राचे तीन कागद फाडले. आता सरळ लिहितो.

डॉक्टर आनंदराव आले तेव्हा पाद्रीबाब बांद्र्याला गेले होते. डॉक्टर शाळेत बसले आणि माझ्यासमोर सूचना लिहिल्या. मोठा शांत माणूस. मी विचारलं, आजाऱ्याच्या घरी माणूस गेला की रोग लागतोच ना? ते म्हणाले, "मास्तर, हा रोग कसा पसरतो हे आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही. म्हणून लिहिलंय तेवढंच करा. जास्त नको, कमी नको." मग सहावी ओळ लिहिली. ती मला पाठ आहे. 'पाद्रीसाहेबांनी आजाऱ्याकडे जाऊन धर्मविधी करण्यास हरकत नाही, मात्र फार वेळ बसू नये, हात कार्बोलिकने धुवावे, सोबत एकच मनुष्य असावा.' लिहून झाल्यावर म्हणाले, "जावं की न जावं हे मात्र मी सांगणार नाही. ते तुमच्या पाद्र्यांनी ठरवायचं."

सोबत एकच मनुष्य. तुला आपली रीत ठाऊक आहे. पाद्री मरणाऱ्याला शेवटच्या तेलाचं साक्रामेंत द्यायला निघाला की पुढे घंटा वाजवत कोण चालतो? देवळाचा मास्तर. बाबा चालायचे, आता मी चालतो. आजाऱ्याच्या खोलीत जाऊन, उशाशी मेणबत्ती धरून, सगळं संपेपर्यंत उभा कोण राहतो? मीच. त्या आठवड्यात मी ठाण्याला एक प्रेत बघून आलो होतो. गळ्याची गाठ फुटली होती. तसं मरण मला नको होतं.

पाद्रीबाब आले. त्यांनी विचारलं, "दोतोर काय म्हणाला? म्हाका जाता येईल?" मी म्हणालो, नाही. डॉक्टरांची बंदी आहे. आणि रविवारी सगळ्यांसमोर पाचवी ओळ वाचून सातवीवर गेलो. आजाऱ्याच्या घरी कोणी जायचं नाही, हे मी मनचं घातलं. लोकांनी माना डोलावल्या. सरकारी डॉक्टरचं नाव घेतलं की कोण विचारणार? भीती माझी आणि शिक्का त्याचा. मी त्या भल्या माणसाच्या आड जाऊन लपलो, सालू.

मग दोन आठवड्यांनी सुझाना पडली. तिने शुक्रवारी पाद्री मागितला. निरोप घेऊन ठमाबाई आली. मी तिला ओट्याखालीच थांबवली आणि डॉक्टरांची बंदी सांगितली. ती म्हणाली, "तुमी तं तिचं दीर. दारातशी तरी तोंड दाखवा." मी दार लावून घेतलं. शनिवारी गेलो नाही. रविवारी गेलो नाही. पुरताना कुंपणाच्या फाटकाशी उभा होतो, नाकावर कापड धरून.

ठमाबाई तीन दिवस तिच्याजवळ होती. देवळातली बंदी तिला लागू नव्हती, कारण ती आपल्या देवळात येतच नाही. तिने पाणी पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. सुझानाने तिला आपली प्रार्थना शिकवली, एकेक शब्द, आणि सांगितलं, माझी जीभ थांबली की तू म्हण. ठमाबाईने म्हटली. अर्धी चुकीची, पण म्हटली. रविवारी तापाच्या भरात सुझाना सारखी विचारत होती, घंटा आली का, घंटा आली का. तेव्हा ठमाबाई घरी धावली, तिच्या देव्हाऱ्यातली पितळी घंटा आणली आणि दाराबाहेर उभी राहून वाजवत आत आली. ती घंटा सुझानाने ऐकली. मी तुला लिहिलं ते हे. ठमाबाईची पुण्याई उचलून मी माझ्या पत्रात भरली.

वाटेवर पडलेल्या माणसाची ती बायबलातली गोष्ट मी दरवर्षी पोरांना शिकवतो. कोण आपला बाजूने निघून गेला आणि कोण परका थांबला, ते छडी दाखवून घोकून घेतो. लाज वाटते हे लिहितानासुद्धा मला माझीच दया येते आहे, आणि त्याची आणखी लाज वाटते.

तुझी चिठ्ठी पाद्रीबाबांना वाचून दाखवली नव्हती. जाळली.

आता तुला वाटेल, मास्तरला पश्चात्ताप झाला म्हणून लिहितो आहे. तेवढीही अब्रू माझी ठेवू नकोस. परवाच्या बुधवारी ऑस्वल्डची बायको एमा पडली. ऑस्वल्ड देवळाच्या पायरीशी आला आणि पाद्रीबाबांचे पाय धरले. पाद्रीबाब रडले, पण म्हणाले, डॉक्टरचा हुकूम आहे. ऑस्वल्ड उठला. म्हणाला, "मंग मी टेंभीवर जातो आन डाक्टरलाच इचारतो. यवढा कसला ह्यो हुकूम?" आणि तो चालू लागला. ठाण्यात टेंभी नाक्यापलीकडे डॉक्टर राहतात, चालत दीड तास. म्हणजे तीन तासांत माझं सगळं उघडं पडणार होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला तर भर दुपारचं ऊन पडल्यासारखं झालं. ऑस्वल्ड आंब्याच्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो, मग पाद्रीबाबांच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. पकडला जाणार होतो म्हणून कबूल झालो. नसतो जाणार तर आणखी दहा माणसं तशीच गेली असती आणि मी ओळ गाळून बसलो असतो.

पाद्रीबाबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "जुझे, हांवय भियेलों. मीही भ्यालो. तू डॉक्टरचं नाव सांगितलंस तेव्हा मला हलकं वाटलं. ह्या दोन महिन्यांत चारदा मी ठाण्याला गेलो. त्याच्या दारावरून गेलो. एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तर बदललं असतं तर जावं लागलं असतं." त्यांनी माझं पाप माझ्याकडून काढून घेतलं नाही, पण त्यातला स्वतःचा वाटा उचलला. मला त्याचं काय करावं ते कळेना.

मग उठून म्हणाले, "घंटा घे."

एमाच्या घरापर्यंत दोनशे पावलं असतील. मी पुढे चाललो, घंटा वाजवत. दोन महिन्यांनी घंटा ऐकून माणसं दारात आली, काही गुडघ्यावर बसली. नॉर्मनची आई पायरीवरून उठली आणि आमच्या मागून चालू लागली. घरात वास फार होता. एमाने डोळे उघडले आणि माझा पांढरा पडलेला चेहरा बघून घाबरली, तिला वाटलं मी मेलेलाच आहे. पाद्रीबाबांनी तेल लावलं. मी मेणबत्ती धरली. हात कार्बोलिकने धुतले. ऑस्वल्ड ठाण्याहून परत आला तेव्हा आम्ही त्याच्या ओट्यावरच होतो. त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. तो आमच्याकडे न बघता सरळ आत गेला. एमा शुक्रवारी गेली.

काल रविवारी पाद्रीबाबांनी मला त्याच जागी उभं केलं आणि सगळ्या सूचना पुन्हा वाचायला लावल्या, पहिल्यापासून. सहावी ओळ आली तेव्हा मी सांगितलं की ही मागे वाचली नव्हती, आणि का वाचली नव्हती. मग पाद्रीबाबांनी आपलं सांगितलं. नॉर्मनची आई तेवढी उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, माजा पोर दोन दिस दाराकडं बगत व्हता. मी त्याला सांगत व्हते, येतील, येतील." एवढंच म्हणून बसली.

पाद्रीबाबांनी मला काढून टाकलेलं नाही. म्हणतात, साथ संपेपर्यंत पुढे तूच चालायचं. मी चालतो. भीती गेलेली नाही.

तू मला क्षमा करावी म्हणून हे लिहिलं नाही, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं. क्षमा मला हवी आहे. मागायला तोंड नाही.

जुझे


कोलशेत, २५ एप्रिल १८९७
ठमाबाई सांगते, लिहिणार जुझे

सालूला ठमाबाईचा राम राम.

तुजा कागुद आला. मना वाचता येत नाय ह्ये तुला ठावं हाय. गावान नीट वाचनारा योकच मानूस हाय, त्ये पन तुला ठावं हाय. तरी तू कागुद माज्या नावानी धाडलास. तू असा का केलास त्ये मना कलला.

मी मास्तरांना माज्या ओट्यावं बसवला आन बोल्ली, वाचा. त्यांनी वाचला. 'जुझेच्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही', हितं त्यांची जीभ अडली. मी बोल्ली, म्होरं वाचा. 'आईबाप गेले, बायको गेली, भाऊही गेला असं मी धरून चाललो आहे', त्ये पन वाचला. मी इचारला, आजून काय हाय? ते बोल्ले, नाय, खाली तुजा नाव हाय. मी ऑस्वल्डच्या पोरीला बोलावला आन कागुद पुन्ना वाचून घेतला. ती अडकत वाचते, पन वाचते. सगला तसाच व्हता. ह्ये लिवताना मास्तरांची मान खाली हाय. मी बोल्ली, ह्ये पन लिवा.

मास्तर चांगलं हायत असा मी तुला सांगनार नाय. तीन दिस मी त्या दाराकडं बघला हाय. पन एमाकडं जाताना त्यांचं पाय कसं लटलटत व्हतं, त्ये पन मी बघला. तवापासना सात घरी गेलं. आता साथ उतरली. सगलं बोलतात, पावसाच्या आदी जाईल.

मे महिन्यान तू ये. माज्या पडवीत जागा हाय. तुज्या घरात चुना मारला हाय, कौला काढून उन दिला हाय. तिचा लुगरा मी जालला, डाक्टर बोल्ला म्हनून. रागावू नको. तिची काकना माज्याकडं हायत, गरम पान्यान उकलून ठेवलीत.

तू इचारलास, ती शेवटाला काय बोल्ली, जशी बोल्ली तशी सांग. ऐक तं. ह्या गोष्टी मी मास्तरांना पन सांगलेल्या नाय. आज पयल्यांदा आयकतात.

शुक्करवारी ती पाद्री मागत व्हती. मी मास्तरांकरनं निरोप आनला का बंदी हाय, पाद्री येत नाय. मना वाटला आता ही रडंल. ती गप पडून व्हती. शनवारी सकाली ताप जरा उतरला तवा मना बोल्ली, "ठमे, पाद्री नाय आला त्ये बरा झाला गो." मी बोल्ली, असा काय बोलतेस? तं ती हसली. बोल्ली, "पाद्री आला असता तर घंटा घेऊन जुझेदादाला यावा लागला असता. त्यांना भ्या वाटतो. लगनान आल्यापासना बघते मी, कुनाचा रगत बघला तरी पांढरं पडतात. त्यांना काय झाला तं सालूला कोन हाय? सालू येईल तवा धक्क्यावर कोनतरी पायजेल." मंग बोल्ली, "त्यांना सांगू नको मी असा बोल्ली. वाईट वाटंल."

म्हनून मी इतकं दिस सांगला नाय. आता तू इचारलास म्हनून सांगला.

मास्तरांनी टाक खाली ठेवला हाय. मी त्यांना पानी दिला. ते पीत नाय, नुसता गलास धरून बसलेत. मी बोल्ली, पत्र पुरा करा, उद्या बोट सुटते. तवा कुटं त्यांनी ह्या वली लिवल्या.

ठमाबाई